आजीच्या वाडीला, पाच महिन्यांनी: राधानगरी जलाशयाकाठचे चार दिवस

ऑगस्टमध्ये आजी गेली तेव्हा मी पुण्यात होते आणि मला पोचता आलं नाही. करोनाचे दिवस, जिल्हा ओलांडायला तेव्हा ई-पास लागायचा. तो मोबाइलवर येईपर्यंत तिसऱ्या दिवसाचं रक्षाविसर्जन होऊन गेलं होतं. आमच्या कोल्हापूरकडे मयतीपेक्षा रक्षाविसर्जनाला जास्त माणूस जमतो, लांबचे पै-पाहुणे त्या दिवशी येतात. २०२० साली मात्र प्रत्येक निधनवार्तेखाली ‘रक्षाविसर्जन घरगुती’ अशी ओळ असायची. आजीच्याही होती. वीस माणसांची मर्यादा, आणि वाडीत साठ घरं. त्यातल्या निम्म्या घरांतली पोरं आजीच्या हातांनी न्हाऊमाखू झालेली.

तेव्हापासून एकच मनात होतं, की रस्ते मोकळे झाले की आधी तिकडे जायचं. २४ ते २७ जानेवारी २०२१ असे चार दिवस मिळाले. मामींना साखरेचा त्रास आहे, म्हणून निघण्याआधी तपासणी करून घेतली आणि अहवाल निगेटिव्ह आल्यावरच बसमध्ये बसले. वाडी राधानगरी धरणाच्या पाणलोटात, राधानगरी ते दाजीपूर रस्त्याच्या बाजूला आहे. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साठ घरांत कोण काय बोललं हे लगेच ओळखू येतं, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्या घरांच्या आतलं आहे.

पहिला दिवस, रविवार: रंकाळा, मग वाडी

पहाटे साडेपाचला कोल्हापुरात उतरले. राधानगरीच्या एसटी रंकाळा स्टँडवरून सुटतात, म्हणून हातात दोन तास होते. पिशवी पाठीला लावून तळ्यावर गेले. अंधार होता, पाण्यावरून बोचरं वारं येत होतं, आणि पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा हळूहळू उमटत होता. रविवार असल्याने फिरायला आलेल्यांची गर्दी होती. मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर.

कठड्यावर बसलेल्या एका काकांनी सरकून जागा दिली. त्यांच्या फिरणाऱ्या मंडळींचा तो रोजचा कट्टा. टाळेबंदीत इथे फिरायला बंदी होती. काकांचं घर जवळच, गच्चीतून तळं दिसतं. “सत्तर वर्षांत रंकाळा असा कधी बघितला नव्हता,” ते म्हणाले. “एक माणूस नाही. गच्चीपर्यंत पाण्याचा आवाज यायचा. एरवी आपल्याच गोंगाटात तो कधी ऐकू आला नव्हता.” मग थोड्या वेळाने, मी न विचारता, “सातजण होतो आम्ही. आता पाच.” बाकीचे चौघे कठड्यावर शांत बसून होते. त्यांतल्या एकाने थर्मासमधला चहा मलाही दिला, कागदी कपात, हात लांब करून.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या होत्या. धार समोर काढून, फेस आलेलं दूध तिथंच प्यायचं, ही कोल्हापूरची जुनी सवय. शेजारी उभा असलेला विशीतला पैलवान एका दमात तांब्या रिकामा करून म्हणाला की मैदानं बंद झाल्यावर तालमीतली बहुतेक पोरं गावाकडे गेली होती, तो स्वतः आठ महिने उसाच्या शेतात होता. “अंग ऱ्हातंय ताई, पण डाव जातोय. समोर माणूस लागतो की.” अंगाला अंग भिडल्याशिवाय जो खेळ होत नाही, त्या खेळाचं या वर्षात काय झालं असेल याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता.

राधानगरीपर्यंत एसटीने साधारण दोन तास लागतात. हळदी, परिते ओलांडून भोगावती कारखान्याजवळ आलं की हंगामात उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, तिथे वेळ जातो, तो धरूनच निघावं. शेजारच्या एका गावात ग्रामपंचायतीचा निकाल नुकताच लागला होता. १८ तारखेचा गुलाल अजून डांबरावर होता. राधानगरीतून पुढे वडाप (माणसं भरली की सुटणारी खासगी जीप) मिळत होतं, पण पूर्वीसारखं पाच-पाच मिनिटांनी नाही. दुपारनंतर फार कमी.

(जाणाऱ्यांनी रोख पैसे राधानगरीतच काढून घ्यावेत. पुढे वाड्यांवर ऑनलाइन पैसे देण्याचा भरवसा धरू नये, कारण रेंजच नसते. औषधं असतील तर तीही सोबत ठेवावीत. जानेवारीत पाण्याकाठी रात्री थंडी चांगलीच असते, स्वेटरवर भागत नाही, कानटोपी लागते.)

वडाप जिथे सोडतं तिथून वाडीपर्यंत पाऊण किलोमीटर चालावं लागतं. त्या वाटेच्या तोंडाशी मरीआईचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चार शेंदूर लावलेले दगड आणि वर पत्रा. त्याच्या बाजूला एक लांब वासा पडलेला दिसला, दोन्ही टोकांना दोर बांधलेला. हा काय, असं वाटून पुढे गेले.

मामी सोप्यात उभ्या होत्या. गळ्यात पडायला गेले तर त्यांनी दोन्ही हात पुढे करून थांबवलं, आणि तसं थांबवताना त्यांचेच डोळे भरले. “आदी हातपाय धू बाई. पाणी तापवलंय.” परड्यात घंगाळात कढत पाणी होतं, साबण नवा होता. धुऊन आले तेव्हा त्यांनी स्वतःहून जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

एकादशी होती. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, आणि बटाट्याची भाजी. आजीचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यावर कुणी बसलं नाही.

दुसरा दिवस, सोमवार: वासा, किटल्या आणि दादाच्या तीन दगडांची चूल

सकाळी सातला बाहेर आले तर तलाव नव्हता. धुक्याने सगळा झाकला होता, फक्त काठावरच्या दोन होड्यांची टोकं दिसत होती. आठच्या सुमाराला धुकं वर सरकायला लागलं, खालून आधी पाणी मोकळं झालं, मग पलीकडचा काठ, शेवटी जंगल. बुडक्या झाडांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. पाणी उतरत चाललं होतं आणि मागे सरकणाऱ्या पाण्यामागून गाळात पेरलेली गाळपेर हिरवी होत चालली होती.

दूध संस्थेत मामांबरोबर गेले. दारासमोर फरशीवर चुन्याची वर्तुळं अजून दिसतात, पुसट. टाळेबंदीत सगळं थांबलं तरी दूध थांबलं नाही. म्हशीला टाळेबंदी कळत नाही. माणसांनी रांगेत उभं राहायचं नाही म्हणून प्रत्येकाने आपली किटली वर्तुळात ठेवायची आणि लांब पिंपळाच्या पारावर जाऊन बसायचं असं ठरलं. नाव पुकारलं की एकेकाने पुढे यायचं. “दोन महिने किटल्याच रांगेत हुत्या,” मामा म्हणाले. “किटली बघूनच कळायचं कोण आलंय, कोण न्हाई. कुणाची दिसली न्हाई की सांजच्याला घराकडं जाऊन लांबनं हाक मारायची.”

मामा गावाच्या दक्षता समितीत होते. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी अशा समित्या झाल्या होत्या. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, तलाठी आणि गावातली चार माणसं. गावात कोण आलं, कुठून आलं, त्याला कुठे ठेवायचं, हे त्यांनी बघायचं. आणि मे महिन्यात मुंबईकर यायला लागले. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतलं जवळजवळ प्रत्येक घर मुंबईच्या पैशावर उभं आहे. आमच्या वाडीतली पंचवीसेक माणसं मुंबईत होती. ती यायला लागली, आणि त्याच सुमाराला जिल्ह्यातले आकडे वाढायला लागले.

मरीआईजवळचा तो वासा म्हणजे वाडीचं नाकं.

“तिथंच का लावला?” मी विचारलं.

मामांना प्रश्नच कळला नाही. “मग कुठं लावायचा? शीव तिथंच हाय.” पटकी आली, देवी आल्या की मरीआईचा गाडा तिथपर्यंत नेऊन पलीकडे ढकलायचा, असं त्यांच्या लहानपणापर्यंत होतं. आजीच्या सासूबाईंनी मानमोडीच्या सालात, म्हणजे १९१८ च्या तापात, घरातली माणसं गेलेली पाहिली होती. त्याआधीच्या प्लेगात तर गावंच्या गावं मोडून माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. शाहू महाराजांच्या राज्यात तशी व्यवस्थाच लावलेली होती, गाव रिकामं करून मोकळ्या हवेत जायचं. आजी हे सगळं ऐकीव सांगायची आणि आम्ही भुताच्या गोष्टी ऐकाव्यात तसं ऐकायचो. मेमध्ये वासा टाकायची वेळ आली तेव्हा जागा कुठली, यावर वाडीत चर्चाच झाली नाही.

मामांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, परळला एका कँटीनमध्ये कामाला होता. कँटीन मार्चमध्ये बंद झालं. पन्नास दिवस तो बारा माणसांच्या खोलीत होता. पास मिळाल्यावर सहाजणांनी मिळून गाडी केली. रात्री अडीचला ते वाटेच्या तोंडाशी पोचले तेव्हा वाशापलीकडे बॅटरी घेऊन त्याचा बाप उभा होता.

हे मला मामांनी सांगितलं नाही. मामींनी सांगितलं, दुपारी, वरण्याच्या शेंगा सोलताना.

“पोराला घरात घेतलं न्हाई. शाळंत नेऊन ठेवलं. मी म्हटलो, परड्यातल्या खोपीत ऱ्हाऊ दे, मी लांबनं भाकरी टाकतो. तर म्हणालं, माझ्या पोराला खोपीत ठिवलं तर दुसऱ्याच्या पोराला शाळंत कुठल्या तोंडानं पाठवू?” आमच्या गावाकडे बायकाही ‘मी म्हटलो’ असंच बोलतात. “चौदा दिवस म्हणालं आनि सोळा ठेवलं. स्वाबचा कागद यायचा हुता म्हणं. सोळा दिवस मी त्यांच्यासंगं बोललो न्हाई. ताट वाढायचो, बोलायचो न्हाई.”

“मग कधी बोललात?”

“कागद आला त्या दिवशी.” शेंग बोटांत धरून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “सहातल्या एकाला निघाला हुता करोना. पोरगं वाचलं त्ये. पण निघाला हुता.”

आशाताई तेव्हा शेजारी बसली होती. तिने मला तिची वही दाखवली. पहिल्या पानांवर मुंबईहून आलेल्यांची नावं, रोजचं तापमान, शिक्क्याची तारीख. सप्टेंबरनंतर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या फेऱ्या, घरटी ऑक्सिजनचा आकडा. मधल्या पानांवर कुठे कुठे पावसाचे थेंब पडून शाई पसरलेली. वाडीबरोबर पलीकडच्या धनगरवाड्याचं कामही तिच्याकडेच, आणि तिथे जायचं तर पावसाळ्यात ओढे ओलांडून दीड तास चाल. पहिल्या महिन्यात तिच्या स्वतःच्या सासूने तिला माजघरात येऊ दिलं नव्हतं, सोप्यात झोपायची. लसीच्या यादीत तिचं नाव आलं होतं, बोलावणं यायचं होतं. तिला भीती वाटते का विचारलं, तर म्हणाली, “मी घेतली तर बाकीच्या बाया घेतील. म्हणून पहिला नंबर लागला तर बरं.” या वर्षात अनेक मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. मला या बाईचं वाक्य पुरेसं आहे.

संध्याकाळी दादाने मासे आणले. आता तो होडी घेऊन पहाटे जाळी लावतो. पण सोमवार, म्हणून घरात मासे शिजणार नव्हते. पातेलं, तांदळाचं पीठ, घरची कांदा-लसूण चटणी आणि चिंच घेऊन आम्ही काठावर गेलो. तीन दगड मांडले, वाळकी फाटी लावली. मरळीचं कालवण आणि तव्यावरची भाकरी. भाकऱ्या दादाने थापल्या, कँटीनमध्ये शिकलेला हात. चंद्र पौर्णिमेला आला होता, पाणी पांढरं दिसत होतं. पलीकडच्या काठावर गवे पाण्यावर उतरल्याचा आवाज आला, दिसले नाहीत.

शाळेतल्या सोळा दिवसांबद्दल तो हळूहळू बोलला. “पहिले चार दिवस लई राग हुता. बापावर, गावावर. रात्री वाटायचं परत जावं मुंबईला.” जेवण रोज येत होतं. शाळेच्या कठड्यावर पाळीने एकेका घरातून डबा ठेवला जायचा, ठेवणारा हाक मारून मागे सरायचा. “कुणाच्या घरचा डबा हाय ते चवीवरनं वळखायचो आमी. तिसऱ्या दिवशी एक डबा आला, माडगं हुतं हुलग्याचं. आजीचं. त्यात ती गूळ जास्त घालती. मग राग गेला.”

आजी रोज संध्याकाळी शाळेसमोरच्या बांधावर येऊन बसायची. ऐकू कमी यायचं, त्यामुळे लांबून बोलणं शक्य नव्हतं. नुसती बसायची, दिवेलागणीला उठून जायची. दादा खिडकीत उभा राहायचा. “सोळा दिवस. एक दिवस खंड न्हाई.” पुढे तीन महिन्यांतच ती गेली, वय झालं होतं, झोपेत गेली. करोना नव्हता. पण तपासणीचा कागद येईपर्यंत वाडी बिचकलेली, आणि मला कळवण्यासाठी दादाला अंधारात रेंजच्या माळावर जावं लागलं होतं. त्याचा तो फोन मी विसरणार नाही. वाऱ्याचा आवाज इतका होता की तो काय सांगतोय ते मला तीनदा विचारावं लागलं, आणि तीनदा त्याला ते ओरडून सांगावं लागलं.

तिसरा दिवस, मंगळवार: जिलेबी, फणस, धरण

सव्वीस जानेवारी. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. मुलांना बोलावलेलं नव्हतं, तरी निम्मी वाडी कुंपणाबाहेर उभी होती. गुरुजी, मामा, सरपंच आणि आशाताई, एवढीच माणसं आत. झेंड्याची दोरी आशाताईच्या हातात दिली. असं आधी ठरलेलं होतं की ऐनवेळी सुचलं, मला माहीत नाही. तिचा हात थरथरत होता हे कुंपणापासूनही दिसलं.

आणि मग जिलेबी. कोल्हापुरात या दिवशी जिलेबी नाही असं घर नसतं, शहरात चौकाचौकांत कढया लागतात. वाडीत दादाने आणि त्याच्याबरोबरच्या मुंबईकर पोरांनी कढई लावली. पीठ आदल्या रात्रीच भिजवलेलं. कागदात गुंडाळून घरोघर वाटली, आणि उरलेली एक पुडी दादा घेऊन निघाला. “चल,” म्हणाला.

आजीची रक्षा नदीत सोडली नव्हती. शेताच्या टोकाला, पाण्याच्या वरच्या अंगाला खड्डा काढून त्यात घातली आणि त्यावर फणसाचं रोप लावलं. आमच्या भागात आता बरेच लोक असं करतात. पाणी खराब होत नाही, आणि माणूस शेतात राहतं. रोप गुडघ्याएवढं झालंय. गव्यांपासून राखायला काट्यांचं कुंपण. दादाने जिलेबी तिथे ठेवली.

“त्या दिवशी वीसजणच हुतो इथं,” मागून मामांचा आवाज आला. ते कधी आले कळलं नव्हतं. “पण वर बघ.” त्यांनी हाताने डोंगराच्या उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं दाखवली. “प्रत्येक बांधावर माणूस हुतं. ज्याच्या त्याच्या शेतात, ज्याचं त्यो. पाऊस लागलेला, इरली पांघरून बाया उभ्या. कायदा कुणी मोडला न्हाई. आनि कुणी घरातबी थांबलं न्हाई.”

पाच महिने मी एक चित्र मनात धरून होते, की आजीला वीस माणसांनी घाईघाईत पोचवलं. मी त्या फणसाशी बसून रडले. मामा पाठीवर हात ठेवून उभे राहिले. दादा काटे सारखे करत राहिला.

दुपारी मामांनी मोटारसायकलवरून धरणावर नेलं. हे धरण शाहू महाराजांचं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत त्यांनी भोगावतीवर ते बांधायला घेतलं, त्यांच्या हयातीत काही उंचीपर्यंतच झालं, आणि उरलेलं स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव. साडेआठ टीएमसीला थोडं कमी पाणी मावतं. कोल्हापूरच्या लोकांना हे धरण ओळखीचं आहे ते त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांमुळे. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, कुणी चाक फिरवावं लागत नाही. एक दरवाजा उघडला की सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी खाली सुटतं आणि जिल्हाभर फोन सुरू होतात, ‘राधानगरीचा एक उघडला, दोन उघडले.’ जानेवारीत सगळं शांत. दरवाजांखालचा दगड कोरडा पडला होता, त्यावर ऊन खात सरडे बसले होते.

मामा कठड्यावर हात टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. “ह्याचं बरं हाय,” ते म्हणाले. “पाणी चढलं की आपसूक उघडतंय. दार लावायचं का उघडायचं, हे कुणा एकाला ठरवाय लागत न्हाई.”

एवढंच. मेमधल्या त्या रात्रीबद्दल ते माझ्याशी याहून जास्त बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

(दाजीपूर अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करून जावं. आत जायला सकाळची वेळ बरी. दाजीपूर रस्त्यावर अंधार पडल्यावर दुचाकी टाळावी, गवे वळणावर उभे असतात आणि दिव्याला बुजतात. तलावात पोहायला उतरू नये. काठ गाळाचा आहे आणि पाण्याखाली जुनी झाडं आहेत. आणि आणखी एक. अंगात कणकण असेल, घशात खवखव असेल, तर येऊ नका. वाडीत दवाखाना नाही. आपल्यापाशी शहरात जे असतं त्यातलं काही इथे हाताशी नाही, आणि पाहुण्याला नको म्हणणं या लोकांना जमत नाही. ते आपणच म्हणायचं असतं.)

चौथा दिवस, बुधवार: शाळा

मी मंगळवारी संध्याकाळीच निघणार होते. गुरुजींनी थांबवलं. “उद्या बघून जा.” २७ जानेवारीपासून पाचवी ते आठवीचे वर्ग उघडणार होते. नववीच्या पुढचे नोव्हेंबरात सुरू झाले होते, पण ती शाळा दुसऱ्या गावात. वाडीची शाळा सातवीपर्यंत आहे, आसपासच्या वाड्यांची मुलंही इथेच येतात. दहा महिन्यांनी तिचं दार मुलांसाठी उघडणार होतं.

दहा महिने ही मुलं शिकत नव्हती असं नाही. रेंजच्या माळावर एक सपाट कातळ आहे, तिथे मोबाइलला दोन काड्या येतात. वाडीतल्या चार-पाच मोबाइलवर गुरुजी धडे पाठवायचे, मुलं कातळावर बसून ते वहीत उतरवून घ्यायची. पावसाळ्यात ते बंद पडलं. मग गुरुजी स्वतःच आठवड्यातून दोनदा यायचे आणि पिंपळाच्या पारावर, गोठ्यात, देवळात, जिथे चार मुलं लांब लांब बसतील तिथे शिकवायचे. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली की तिला पूर्णांक गोठ्यात शिकवले, त्यामुळे ऋण संख्या म्हटलं की तिला शेणाचा वास येतो.

सकाळी साडेदहाला मुलं आली. गणवेश सगळ्यांचे आखूड झालेले. एका मुलाच्या चड्डीला खालून वेगळ्या रंगाची पट्टी जोडलेली. दारात आशाताई तापमान बघत होती, हातावर सॅनिटायझर. प्रत्येकाच्या हातात आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र, घामाने चुरगळलेलं. गुरुजींनी आपली तपासणी आठ दिवस आधी करून घेतली होती आणि अहवाल दारावर चिकटवला होता, सगळ्यांना दिसेल असा. एका बाकावर एक मूल. पहिली पाच मिनिटं कुणी बोललंच नाही. एवढी गप्प शाळा मी पाहिली नव्हती.

मी मागच्या दारात उभी होते. शाळेला पांढरा चुना लावलेला होता, ओला वास अजून येत होता. मामा आणि शाळा समितीच्या माणसांनी रविवार-सोमवारी मिळून तो लावला होता. खिडकीच्या बाजूला, बाकाच्या उंचीवर, वीतभर जागा तेवढी सुटली होती. तिथे कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा. मी मोजल्या. सोळा होत्या. शेवटच्या दोन आधीच्यांपेक्षा जोरात ओढलेल्या.

मामा बाहेर कुंपणाशी होते. मी त्यांना विचारलं, “तेवढं राहिलं वाटतं?”

“चुना संपला,” ते म्हणाले. बादली त्यांच्या शेजारीच होती, अर्धी भरलेली. मीही तिच्याकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं.

कुंपणाला आठ-दहा लहान मुलं लोंबकळत होती. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला परवानगी नव्हती. तिसरीतली एक मुलगी दप्तर पाठीला लावून, केसांना दोन रिबिनी बांधून, पूर्ण तयार होऊन आली होती. गुरुजी तिच्याजवळ गेले, उकिडवे बसले.

“आमची कवा?”

“होईल.”

“कवा?”

गुरुजींनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि कुंपणावरून तिला दिला. ती तिथंच शाळेच्या बाहेरच्या फरशीवर बसली आणि लिहायला लागली. अ काढला, आ काढला. बाकीची मुलं तिच्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली, मग ‘लांब उभं ऱ्हावा’ असं तिनेच त्यांना दरडावलं.

बाराच्या वडापासाठी मला निघावं लागलं. मामींनी खर्डा, भाकरी आणि बाटलीभर हुलग्याचं माडगं दिलं. यावेळी निघताना हात पुढे करून थांबवलं नाही. मरीआईपाशी दादा सोडायला आला. तो वासा त्याने पायाने थोडा बाजूला सारला, वाटेत यायला लागला होता म्हणून. फेकून दिला नाही.

काल त्याचा फोन आला होता, रेंजच्या माळावरून. १ फेब्रुवारीपासून लोकल ठरावीक वेळांत सगळ्यांसाठी सुरू झाल्या आहेत, कँटीनवाल्याने विचारलंय, येतोस का. दोन म्हशी आहेत, होडी आहे, फणसाला रोज पाणी घालावं लागतं. काय करावं असं तो मला विचारत होता आणि मला सांगता आलं नाही. माडगं पुण्यात पोचल्यावर गरम करून प्यायले. मामींनी गूळ जास्त घातला होता.